'टाइम आउट ऑफ माइंड' : छप्पन्नाव्या वर्षीचा डिलन आणि त्याआधीचा रियाज

तिरकीट:

अमेरिकन गायक-गीतकार डिलन आवडतो म्हणणारी माझ्या ओळखीतली निम्मीअधिक मंडळी १९६६ च्या थांब्यावरच उतरून गेलेली आहेत. हार्मोनिका, निषेधाची गाणी, मग विजेची गिटार हातात घेतली म्हणून झालेला गदारोळ, इथवर सगळ्यांना पाठ. पुढचं विचारलं की गाडी एकदम 'नोबेल मिळालं ना त्याला' वर. म्हणून हा धागा फक्त एका अल्बमवर काढतोय. बॉब डिलन, 'टाइम आउट ऑफ माइंड', ३० सप्टेंबर १९९७. अकरा गाणी, जवळजवळ ७३ मिनिटं.

त्याच्या आधीचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम १९९० चा, आणि तो चांगलाच आपटला होता. मग सात वर्षं स्वतःचा नवा अल्बम नाही. मधल्या काळात दोन अल्बम आले, 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू' (१९९२) आणि 'वर्ल्ड गॉन राँग' (१९९३). एक माणूस, एक गिटार, एक हार्मोनिका, मालिबूच्या घराचं गॅरेज. सगळी गाणी दुसऱ्यांची, बरीचशी कुणाची ते माहीतच नसलेली. ब्लाइंड विली मॅकटेल, मिसिसिपी शीक्स असल्या १९२०-३० च्या दशकांतल्या लोकांनी गायलेली. तेव्हा लोक म्हणाले, विहीर आटली, म्हणून शेजारच्या विहिरीवर पोहरा टाकतोय.

मला ते पटत नाही. नाव झालेला गवई पन्नाशीला दार लावून बसतो आणि तालमीतल्या बंदिशी पुन्हा पहिल्यापासून घोटतो, तसलं काहीतरी ते होतं. 'टाइम आउट ऑफ माइंड'मधली गाणी त्याने स्वतः लिहिली, पण गळा, श्वास कुठे सोडायचा, ओळ कुठे अर्धी टाकायची, हे सगळं त्या दोन अल्बमांत घोटलेलं आहे. तिन्ही लागोपाठ ऐका, मग भांडू.

आता आवाज. डिलनचा गळा साठच्या दशकातही 'गोड' नव्हता, इथे तर तो वाळूत घासलेल्या पितळी भांड्यासारखा झालाय. पण निर्माता डॅनियल लॅन्वा याने तो आवाज असा ठेवलाय की माणूस अगदी कानाशी आणि वाद्यं मात्र लांबच्या खोलीत. पहिलं गाणं 'लव्ह सिक' लावा. सुरुवातीला क्षणभर नुसती खोली ऐकू येते. कुणीतरी तारेला हात लावतंय, काहीतरी गुणगुणतंय. मग ऑर्गनचे तुटक ठोके, रात्री रिकाम्या गल्लीतून कुणी चाललंय तसे. तो ऑर्गन टेक्सासच्या ऑगी मेयर्सचा. रस्ता डोळ्यासमोर आल्यावरच डिलन तोंड उघडतो.

ध्वनिमुद्रण जानेवारी १९९७ मध्ये मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत झालं, गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये 'लैला' अल्बम केला तिथेच. दहा-बारा वादक एकाच खोलीत. काही गाण्यांत दोन-दोन ड्रमवाले एकाच वेळी, जिम केल्टनर आणि ब्रायन ब्लेड. एवढी गर्दी असूनही कुणी कुणाच्या पायात येत नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही. संगीतवाल्यांनी सांगावं.

कोणी कोणी ऐकलाय? आवडला नसेल तर तेही लिहा.

रानवारा:

+१. 'नॉट डार्क येट' हे एक गाणं असलं तरी अल्बम वसूल. बाकी सवडीने लिहितो. (हे वाक्य मी इथे गेली सात-आठ वर्षं लिहितोय, पण असो.)

खमंग_काकडी:

छान लिहिलंय. पण माझ्यासारख्या अडाण्यांसाठी एक सांगा, ब्लूज म्हणजे नक्की काय? मला वाटायचं दुःखी इंग्रजी गाणं म्हणजे ब्लूज. आणि डिलनचं मला एकच गाणं माहीत आहे, तेही लता मंगेशकर ऐकणाऱ्या माणसाला झेपलं नव्हतं.

तिरकीट:

काकडी, रडगाणं म्हणजे ब्लूज नव्हे. तो आधी एक साचा आहे, भाव नंतर. सगळ्यात वापरातला साचा बारा बारचा. चार-चार ठोक्यांचे बारा तुकडे, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं एक आवर्तन म्हणा. त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं. सुरांचं म्हणाल तर सा वर उभं राहायचं, मध्यमावर जाऊन यायचं, पंचमाला हात लावून परत घरी. ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते.

पहिली ओळ दोनदा का? गाणारा तेवढ्या वेळात तिसरी जुळवतो, हे एक कारण. ऐकणारा 'पुढे काय' म्हणून ताटकळतो, हे दुसरं. या अल्बममधलं 'डर्ट रोड ब्लूज' नेमकं याच साच्यातलं आहे. नावही जुन्या ब्लूजवाल्या चार्ली पॅटनच्या १९२९ च्या 'डाउन द डर्ट रोड ब्लूज'ची आठवण करून देणारं.

आणि गंधार-निषाद ना धड कोमल ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी लागतात. पेटीवर ते सापडणार नाहीत, गळ्यात आणि तारेवर सापडतात. आपल्या मींडेवर वाढलेल्या कानाला ब्लूज खरं तर लवकर कळायला हवं. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा १९९३ चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐका, तारेवर सरकणारे दोघं काही न ठरवता कसे एका गावचे होतात ते दिसेल.

अर्धा_कप_चहा:

लेख चांगला आहे, पण 'रियाज' म्हणून चोरीला सोवळं नेसवताय असं वाटलं.

पॅटनचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. हा माणूस मिसिसिपीच्या डेल्टात डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढला. त्याची बरीचशी ध्वनिमुद्रणं पॅरामाउंटने काढली. ही पॅरामाउंट सिनेमावाली नव्हे. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचं ते पिल्लू. फोनोग्राफची लाकडी कपाटं विकायची म्हणून तबकड्याही काढायच्या, असा धंदा. तबकड्यांचा माल इतका हलका की आज ऐकताना निम्मी खरखर आणि निम्मा पॅटन. १९३४ मध्ये तो गेला, गाण्याने त्याला श्रीमंत केलं नाही. साठ वर्षांनी एक गोरा लक्षाधीश तोच रस्ता, तीच धूळ घेतो आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी नेतो. पॅटनला काय मिळालं?

डिलनच्या २००१ च्या अल्बमचं नावच 'लव्ह अँड थेफ्ट' आहे. प्रेम आणि चोरी. चोर स्वतः पाटी लावून बसलाय आणि आपण म्हणतोय रियाज!

आजीची_ओवी:

चहा, तुमचा राग कळतो, पण त्यात दोन गोष्टींची गुंतवळ झाली आहे.

माझी आजी जात्यावर बसली की सुरुवात 'पहिली माझी ओवी' अशीच व्हायची. ही सुरुवात तिची होती का? नाही. तिच्या सासूची होती का? तीही नाही. गावोगावच्या बायका त्याच ओळीने जातं ओढायला घेत आणि पुढच्या ओळीत आपलं घालत. भावाची वाट, सासरचा जाच, पंढरीची वारी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. दोन तास बसून ऐका. एकच ओळ इकडच्या तालुक्यात भावाला, तिकडच्या तालुक्यात लेकाला लावलेली सापडते. कुणीही म्हणत नाही की हिने तिची ओवी चोरली.

ब्लूजचं तसंच आहे. 'सकाळी उठलो आणि' अशी सुरू होणारी गाणी किती गायकांनी गायली असतील, गणती नाही. ओळी या गाण्यातून त्या गाण्यात उडत असतात, ज्याच्या अंगणात बसतील त्याच्या. पॅटनच्या गाण्यांतही अशा आयत्या ओळी आहेतच. डिलनच्या 'ट्राइंग टू गेट टू हेवन'मध्ये तर मला वाटतं प्रत्येक कडव्यात कुठल्या तरी जुन्या लोकगीताचा किंवा भजनाचा तुकडा अडकवलाय. तो कुठून आला हे ओळखणाऱ्याला मजा, न ओळखणाऱ्यालाही काही कमी पडत नाही.

पण तुमची दुसरी गोष्ट खरी आहे. आजीच्या ओवीवर कुणी मालकी हक्काचा शिक्का मारला नव्हता. डिलनच्या अल्बमवर मात्र 'शब्द आणि संगीत : बॉब डिलन' असं छापलेलं असतं. ओळ उचलणं ही रीतच आहे. खाली फक्त आपली सही ठोकणं ही रीत नव्हे. तिथे मीही तुमच्या बाजूला.

अर्धा_कप_चहा:

हे मान्य. सहीचा मुद्दा मला नीट मांडता आला नव्हता. अर्धा कप मागे घेतो.

डॉक्टर_घरी_नाहीत:

या अल्बमबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'डिलन मरणाच्या दारातून परत आला आणि त्याने हा अल्बम केला' असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तारखा बघा. मुद्रण जानेवारी १९९७. आजारपण मे १९९७.

आजार होता हिस्टोप्लाझ्मोसिस. ही बुरशी. पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा पडलेल्या मातीत वाढते, माती उकरली गेली की तिचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात जातात. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत जास्त. बहुतेकांना कळतही नाही की होऊन गेला. याला मात्र हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली आणि रुग्णालयात दाखल करावं लागलं. बाहेर आल्यावर म्हणाला, आता (कधीच वर गेलेल्या) एल्व्हिस प्रेस्लीची भेट होणार असं वाटलं होतं. सप्टेंबरमध्ये, अल्बम बाजारात यायच्या तीन दिवस आधी, तो बोलोन्यात पोपसमोर गात होता.

म्हणजे 'नॉट डार्क येट' लिहिताना त्याला स्वतःच्या आजाराची सुतराम कल्पना नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अंधाराची चाहूल लागायला बुरशी लागत नाही, हे मी वैद्यकीय नव्हे तर वैयक्तिक मत म्हणून देतो.

(अवांतर: आमच्या मिसिसिपीचा, म्हणजे ब्लूजच्या खोऱ्याचा, आजारही त्याला व्हावा, हे जरा जास्तच झालं.)

थंडीतला_मराठी:

मिनेसोटातून लिहितोय, बाहेर उणे १९. डिलनचा जन्म इथल्या डुलुथचा, वाढला हिबिंगच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात. या अल्बमची गाणी त्याने मिनेसोटातल्या आपल्या शेतावर हिवाळ्यात लिहिली. इथला हिवाळा न पाहिलेल्यांनी डोळ्यासमोर आणावं: दुपारी साडेचारला दिवे, दारासमोर फावड्याने काढलेली बर्फाची भिंत, आणि आवाज म्हणाल तर शून्य. पहिल्या वर्षी मी शेगडीवर कुकर ठेवून शिट्टीची वाट बघायचो, काहीतरी ऐकू यावं म्हणून. त्या शांततेत 'स्टँडिंग इन द डोअरवे' ऐकलं की कळतं त्या गाण्याला घाई का नाही.

आणखी एक. ३१ जानेवारी १९५९ ला डुलुथमध्ये टेक्सासच्या रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचा कार्यक्रम झाला. सतरा वर्षांचा डिलन समोर तीनेक फुटांवर उभा होता आणि हॉलीने त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला. हे त्याने १९९८ च्या ग्रॅमीत भाषणात सांगितलं, आणि हा अल्बम करताना तो माणूस आपल्याबरोबर आहे असं वाटत होतं, असंही. कृष्णवर्णीय डेल्टा आणि टेक्सासचा चष्मेवाला गोरा पोरगा, हे दोन्ही त्याला एकाच वेळी सोबत होते. चहांच्या हिशोबात हे कुठे बसतं मला माहीत नाही.

पावट्याची_उसळ:

तेच ग्रॅमी ना, ज्यात तो 'लव्ह सिक' गात असताना बाजूला उभ्या केलेल्या नाचणाऱ्यांपैकी एकजण शर्ट काढून, छातीवर 'सॉय बॉम्ब' लिहून, थेट डिलनच्या शेजारी येऊन अंगात आल्यासारखा नाचायला लागला? डिलनने एकदा तिकडे बघितलं आणि गाणं चालू ठेवलं. भुवई हलली असेल तर शपथ. त्याच रात्री पावारॉत्ती ऐनवेळी आला नाही म्हणून त्याचं ऑपेराचं गाणं अरीथा फ्रँकलिनने गायलं, आणि डिलनच्या पोराच्या बँडलाही दोन ग्रॅमी मिळाली. असले कार्यक्रम आता होत नाहीत.

खटका_फेडर:

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे म्हणून थोडं तांत्रिक. तिरकीटने विचारलंय की एवढे वादक एकमेकांच्या पायात का येत नाहीत. खरं सांगू? येतात. लॅन्वाने ते धुक्यात झाकलंय.

२०२३ च्या जानेवारीत 'फ्रॅगमेंट्स' नावाने या अल्बमच्या सत्रांचा पाच सीडींचा संच आला. त्यात मायकल ब्राउअरने मूळ अकरा गाणी नव्याने मिसळली आहेत. धुकं गेलंय. सिंडी कॅशडॉलरची स्लाइड गिटार कुठे बसलीय, ड्यूक रोबिलार्डची गिटार कुठे, जिम डिकिन्सन काय वाजवतोय, सगळं बोट ठेवून दाखवता येतं. डिलनचा आवाजही साधा, समोरून येणारा. मी गेली दोन वर्षं तेच ऐकतोय, जुनं लावावंसं वाटत नाही. लॅन्वा मोठा माणूस, यू-टू बँडचा 'जोशुआ ट्री' वगैरे सगळं कबूल, पण त्याला प्रत्येक खोलीत धूप जाळायची सवय आहे.

बरं, स्वतः डिलनलाही ते फारसं रुचलेलं दिसत नाही. 'लव्ह अँड थेफ्ट'पासून निर्माता म्हणून 'जॅक फ्रॉस्ट', म्हणजे तो स्वतःच. बाहेरच्या माणसाला घरात घेतलं नाही.

तिरकीट:

फेडर, नवं मिश्रण मीही ऐकलं. दोनदा. तिसऱ्यांदा जुनी सीडी लावली.

तुम्ही म्हणता ते धुकं मला या अल्बमचा निम्मा अर्थ वाटतो. डिलनने लॅन्वाला आधी ऐकायला सांगितलेले रेकॉर्ड कोणते, तर चार्ली पॅटन, लिटल वॉल्टर असले. चहांनी वर लिहिलंय, पॅटनच्या तबकडीत निम्मी खरखर. आपण पॅटन म्हणून जो ऐकतो तो त्या खरखरीसकट. ती पुसली तर माणूस हाती लागेल, पण त्याचं लांब असणं जाईल. लॅन्वाने नव्या यंत्रांवर ते लांब असणं बनवलं. बनवलेलं आहे, हे मान्य. नाटकातला पाऊसही बनवलेलाच असतो.

आणि 'डर्ट रोड ब्लूज'मध्ये तर गंमतच आहे. आधीच्या एका कॅसेटवरचा तुकडा डिलनला सोडवेना, म्हणून तोच फिरता ठेवून त्याच्यावर बाकीच्यांनी वाजवलं. त्यात ड्रमवर विन्स्टन वॉटसन आहे, जो तोवर बँड सोडून गेलेला होता! याला धूप म्हणा किंवा भूत म्हणा.

खटका_फेडर:

नाटकातला पाऊस आवडला, पण पहिल्या रांगेत बसलं की पाइप दिसतो हो.

रानवारा:

सवड मिळाली (!). 'मिसिसिपी'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? या सत्रांत मुद्रित झालेलं बहुधा सगळ्यात चांगलं गाणं आणि तेच अल्बममधून बाहेर. लॅन्वा आणि डिलन यांचं त्याच्या चालीवरून जमलं नाही. १९९८ मध्ये ते शेरिल क्रोने गायलं, आणि डिलनने स्वतः पुन्हा मुद्रित करून २००१ च्या अल्बमात घातलं. तो अल्बम कधी बाजारात आला? ११ सप्टेंबर २००१. त्या दिवशी कुणी दुकानात गेलं असेल असं वाटत नाही. २००८ च्या 'टेल टेल साइन्स' संचात याच गाण्याची तीन रूपं आहेत, एकापेक्षा एक शांत. माझी पसंती पहिल्याला, नुसती गिटार असलेल्या.

कोपऱ्यावरची_ताई:

थांबा थांबा. 'मेक यू फील माय लव्ह' या अल्बममधलं आहे?? ते अडेलचं गाणं नाही? आमच्या ऑफिसात एका लग्नात... जाऊ दे.

पावट्याची_उसळ:

ताई, अडेलचं २००८ चं. त्याही आधी गार्थ ब्रुक्सने गायलं. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे डिलनचा अल्बम यायच्या आधीच बिली जोएलने ते बाजारात आणलं होतं. मूळ मालक रांगेत दुसरा.

तिरकीट:

प्रामाणिकपणे सांगायचं तर तेच एक गाणं मला या अल्बमात पाहुण्यासारखं वाटतं. बाकी दहा गाणी धुळीच्या रस्त्यावर आणि हे एकटं इस्त्रीचे कपडे घालून आलेलं.

डॉक्टर_घरी_नाहीत:

ब्लूज समोरासमोर ऐकायचं असेल तर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला ब्लूज महोत्सव, २०११ पासूनचा. पहिल्याच वर्षी ब्लूजचा गिटारवाला बडी गाय आला होता, वय ७४. म्हातारपण आणि ब्लूज यांचं वैर नसतं, हे तिथे प्रत्यक्ष पाहिलं. बाकीच्या प्रकारांत गायक साठीला निवृत्तीचे दौरे काढतात, इथे साठीला गळ्याला रंग चढतो.

खमंग_काकडी:

बरं, सगळं वाचलं. निम्मं कळलं. मी उद्या एसटीने कोल्हापूरला चाललेय, पाच-सहा तास हातात आहेत. कुठून सुरू करू? एकच गाणं सांगा.

तिरकीट:

एकच? मग 'हायलँड्स', शेवटचं. साडेसोळा मिनिटं. घाबरू नका. गिटारवर एकच छोटा फेरा, पॅटनच्या कुठल्याशा जुन्या तबकडीवरून डिलनच्या डोक्यात बसलेला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतो. जात्यासारखा, आजीच्या ओवींची परवानगी असेल तर. नाव रॉबर्ट बर्न्सच्या स्कॉटिश कवितेवरून. मन डोंगरात, पाय मात्र शहरात, एवढाच विषय.

मधे, बोस्टनच्या एका रिकाम्या हॉटेलात तो शिरतो. तिथली वाढणारी पोरगी आणि तो यांचं बोलणं सुरू होतं आणि सात-एक कडवी गाणं तिथेच बसून राहतं. त्याला उकडलेली अंडी हवी असतात, ती संपलेली. ती म्हणते तुम्ही चित्रकार दिसता, माझं चित्र काढा. तो टाळाटाळ करतो, मग कागदी रुमालावर काढतो. ती बघून म्हणते, हे माझ्यासारखं मुळीच नाही. पुढचं सांगत नाही. साठीकडे झुकलेल्या माणसाचं एकटेपण मी इतकं हसवत मांडलेलं दुसरीकडे ऐकलेलं नाही. खिडकीजवळची जागा धरा आणि खंबाटकी घाट लागला की सुरू करा.

आजीची_ओवी:

परवानगी आहे.

खमंग_काकडी:

ऐकलं. खिडकी मिळाली नाही, शेजारच्या काकांच्या मांडीवर फणस होता. खंबाटकीला सुरू केलं, पहिली चार मिनिटं वाटलं गाणं अडकलंय की काय, फोन दोनदा बघितला. मग ते हॉटेल आलं. मी एसटीत एकटीच फसकन हसले आणि काकांनी फणस जरा पलीकडे सरकवला.

संपलं तेव्हा सुरूर फाटा मागे गेला होता. लगेच पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा हसू नाही आलं, बराच वेळ नुसती बाहेर बघत बसले. वाईच्या रस्त्याकडचे डोंगर दिसत होते.

आता 'वर्ल्ड गॉन राँग' लावलाय. साताऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, स्टँडवर उकडलेली अंडी मागितली. नव्हती.